रान माढ्यात, मालक पुण्यात

माढा तालुक्यात "जमिनीत गुंतवणूक केली" असं कुणी म्हणत नाही. "रान घेतलं" म्हणतात. मग पारावर पहिला प्रश्न येतो, पाणी कुठलं? दुसरा, वाट आहे का? भाव त्यानंतर. बाहेरून येणारा माणूस नेमका उलट्या क्रमाने विचारतो, आणि त्याच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हा बाहेरचा माणूस बहुतेकदा गावचाच निघतो. भोसरी-चाकणच्या कंपनीत लागलेला, एसटीत किंवा पोलिसात भरती झालेला, शिक्षक होऊन परजिल्ह्यात गेलेला, लष्करातून निवृत्त होऊन आलेला, हिंजवडीत संगणकापुढे बसणारा. थोडे आखातात गेलेलेही आहेत. कमाई शहरात होते, पण पैसा साठला की तो गावाकडे वळतो. फंडाची रक्कम आली की दोन एकर घ्यायचे, भावाच्या वाट्याला लागून कुणाचं रान निघालं तर कर्ज काढून घ्यायचं, कुर्डुवाडीत किंवा टेंभुर्णीत दोन गुंठ्यांचा प्लॉट टाकून ठेवायचा. यात हौस आहे, गावातलं नाव आहे, म्हातारपणाची सोय आहे. ही सगळी कारणं मला खरी आणि रास्त वाटतात. त्यांचा हिशेब मात्र क्वचितच नीट मांडला जातो, म्हणून हा आढावा.

माढ्याची रचना आधी ध्यानात घ्यावी लागते. पश्चिमेला आणि दक्षिणेला भीमा, पूर्वेला सीना, मध्ये उंचवट्याचं कोरडं शिवार. भीमेवरचं उजनी धरण याच तालुक्यात भीमानगरला आहे. १९८० साली ते पूर्ण झालं. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृत साठा. धरणाने नदीकाठ आणि कालव्याखालचा पट्टा बागायत केला, ऊस आणला, उसामागून कारखाने आले. पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे सहकारी कारखाना त्यातला मोठा. मधल्या कोरड्या भागाला पुढे सीना-माढा उपसा सिंचन योजनेने पाणी दिलं. त्यामुळे पारावरच्या पहिल्या प्रश्नाला इथे नाना उत्तरं मिळतात: नदीचं, कॅनॉलचं, सीना-माढ्याचं, विहिरीचं, किंवा आवाज खाली आणून, "नुसतं बोअर आहे." उत्तरागणिक एकराचा भाव बदलतो. एकाच बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे दुपटीचा फरक पडू शकतो, कारण अलीकडच्याची नदीवरून पाइपलाइन आहे आणि पलीकडच्याची नाही. इथे विकलं जातं ते पाणीच, माती त्याच्यासोबत येते.

हे पाणी कायमचं आहे असं धरून चालणं मात्र धोक्याचं. २०२३ चा पावसाळा हुकला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीची पातळी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली. काठावरच्यांना मोटारी आणि पाइप मागे सरणाऱ्या पाण्यामागे नेत राहावं लागलं. त्या उन्हाळ्यात रान पाहायला आलेला आणि त्याच्या दोन वर्षं आधी आलेला, या दोघांनी एकच रान पाहिलं असं म्हणता येणार नाही. रान मे महिन्यात पाहावं, हा जुन्या लोकांचा सल्ला कोणत्याही सल्लागाराच्या अहवालाइतका मोलाचा आहे.

आता उत्पन्न. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने उसाचा रास्त आणि किफायतशीर दर टनाला ३,५५० रुपये ठरवला, तोही १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यातून तोडणी-वाहतूक आधीच वजा होते. समजा हातात टनाला २,७०० पडले आणि एकरी ४० टन ऊस निघाला, तर १ लाख ८ हजार झाले. बेणं, मशागत, खत, औषध, लाइट बिल, पाणीपट्टी, मजुरी यात निम्मे गेले असं धरू. उरलेल्यातला अर्धा वाटा कसणाऱ्याचा, कारण मालक पुण्यात आहे. मालकाकडे आले २७ हजार. आडसाली ऊस असेल तर हे दीड वर्षाचं उत्पन्न. एकर समजा २५ लाखांना घेतला असेल, तर वर्षाला एक टक्काही सुटत नाही. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. पण कसेही घातले तरी घरबसल्या मालकाला बँकेच्या ठेवीइतकं व्याज रान देईल, असं गणित मला अजून जमलेलं नाही.

मग लोक का घेतात? भाव वाढेल म्हणून. आणि वाढले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुणे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला तशी टेंभुर्णी, मोडनिंब, वरवडे या पट्ट्यातली रस्त्याला लागून असलेली रानं शेतीच्या हिशेबातून बाहेरच गेली. करामुळेही हा कल वाढतो. ग्रामीण शेतजमीन आयकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नाही, ती विकून झालेल्या नफ्यावर कर नाही. पण ग्रामीण म्हणजे काय, याची मोजपट्टी ठरलेली आहे. १० हजारांवर आणि १ लाखापर्यंत लोकसंख्या असलेल्या नगरपालिकेची हद्द आणि तिच्यापासून सरळ रेषेत २ किलोमीटरचा पट्टा यातून वगळला जातो. कुर्डुवाडीच्या कडेचं रान घेणाऱ्याने हे खरेदीआधी मोजावं. विकताना कळलं तर उशीर झालेला असतो.

कुर्डुवाडीची गोष्ट तर मुळातच रस्त्याने जमीन घडवण्याची आहे. १८६० च्या आगेमागे मुंबईहून सोलापूरकडे जाणारी रेल्वे इथून गेली, तेव्हा स्टेशनाचं नाव होतं बार्शी रोड. म्हणजे स्टेशनाला नावसुद्धा उसनं मिळालं. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी इथून बार्शीला धावू लागली. पुढे ती लातूर, पंढरपूर आणि १९२७ पर्यंत मिरजेपर्यंत पोचली. रेल्वेचा कारखाना आला, कामगार आले, त्यांना खोल्या लागल्या, खोल्यांना भाडं मिळालं. तालुक्याचं नाव माढा, तहसील माढ्याला, पण वस्ती, बाजार आणि प्रांत कार्यालय कुर्डुवाडीला. छोटी गाडी रुंद झाली, फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत इथे थांबते. जागेतून नेमाने भाडं मिळतं असं तालुक्यात कुठे असेल, तर ते जिथे माणसं कामाला येतात तिथे: कुर्डुवाडीत आणि टेंभुर्णीच्या एमआयडीसीभोवती. या दोन गावांतल्या चार साध्या खोल्या वर्षाकाठी जे देतात, ते कोरड्या शिवारातले चार एकर देत नाहीत.

बाहेरचा पैसा आणि गावची जमीन यांचं नातं या मुलखाला नवं नाही, आणि ते नेहमी सुखाचंही नव्हतं. १८७५ मध्ये सुप्याला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला आणि तो पहिल्यांदा ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सातारा, नगर यांच्यासोबत सोलापूर होता. कर्जाच्या कागदामागचा खरा व्यवहार न्यायालयाने तपासावा, हे त्या कायद्याचं मर्म. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, १९६१ मध्ये कमाल जमीनधारणा कायदा झाला. बारमाही बागायत असेल तर कुटुंबाला १८ एकर, जिरायत असेल तर ५४. कालव्याचं पाणी आलं की जिरायताची बागायत होते आणि मर्यादाही बदलते. सावकारी अजून संपलेली नाही. "खरेदी दिली" म्हणून दाखवलेला कागद मुळात कर्जाचं तारण असतो, व्याज फिटलं की रान परत, असा तोंडी करार असतो. २०१४ च्या सावकारी नियंत्रण कायद्यात अशी हडपलेली जमीन जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मिळवण्याची तरतूद आहे, आणि त्यासाठी पंधरा वर्षांपर्यंत मागे जाता येतं. स्वस्तात मिळतंय म्हणून असं रान घेणारा तिऱ्हाईत दुहेरी अडकतो. कायद्याने फसतोच, शिवाय एका अडलेल्या घराच्या डोळ्यांदेखत तिथे नांगर घालावा लागतो.

कूळकायद्याचं कलम ६३ हे बाहेरून पाहणाऱ्याला सर्वांत खटकणारं. जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. वडिलांच्या सातबाऱ्यावर नाव लागलेलं नसेल, तर कुर्डू गावात जन्मलेला पण मुंबईत वाढलेला मुलगाही इथे अडतो. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला तर परकी चलन कायद्याने शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने मिळालेली ठेवता येते. दुबईत नोकरी करणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसतं. ते भावाच्या नावाने रान घेतात. दहा वर्षांनी ते भावाचंच असतं.

आग्नेय आशियातल्या वाढत्या देशांकडे पाहिलं की हे बंधन एकट्या महाराष्ट्राचं नाही हे लक्षात येतं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, त्यामुळे पुण्यातली मराठी मंडळीही आता बँकॉकच्या नाही तर सायगावच्या फ्लॅटची माहितीपत्रकं चाळतात. पण थायलंडमध्ये परक्याला जमीन घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंत. व्हिएतनाममध्ये जमीन साऱ्या जनतेची, परक्याला इमारतीतल्या ३० टक्के सदनिका आणि ५० वर्षांची मुदत. फिलिपिन्सने तर जमिनीची बंदी राज्यघटनेतच लिहिली. कंबोडियाने २०१० मध्ये दार उघडलं, पण तळमजला सोडून. या देशांना कशाची भीती वाटते हे समजायला ब्रह्मदेशाचं उदाहरण पुरेसं आहे. १९३० च्या मंदीत भाताचे भाव कोसळले, कर्जं थकली, आणि दक्षिण ब्रह्मदेशातल्या तेरा प्रमुख भातजिल्ह्यांत तमिळ चेट्टियार सावकारांकडची जमीन काही वर्षांत सहा टक्क्यांवरून पंचवीस टक्क्यांवर गेली. चेट्टियारांना ती जमीन नको होती, पैसे हवे होते. शेवटी युद्ध आणि १९४८ चं राष्ट्रीयीकरण यांत दोन्ही गेलं. परक्या मुलखात जमीन धरून बसणं म्हणजे काय, हे त्या पिढीइतकं महागात कुणी शिकलं नसेल.

परत माढ्याला येऊ, कारण इथे खरी वेळ जाते ती कागदात. सातबारा आता मोबाइलवर निघतो, त्यावर तलाठ्याची डिजिटल सही असते, आणि म्हणून अनेकांना वाटतं की काम झालं. वरचं नाव कुणीही वाचतो. वाचायचा असतो तो भोगवटादाराचा वर्ग आणि इतर हक्काचा रकाना. वर्ग दोनची जमीन असेल, म्हणजे वतनाची, कुळाने घेतलेली, पुनर्वसनात दिलेली, तर सहसा परवानगीशिवाय विक्री नाही. माढ्यात हा मुद्दा मोठा आहे. उजनीत इंदापूर-करमाळ्याकडची गावं बुडाली तेव्हा लाभक्षेत्रातल्या जमिनी धरणग्रस्तांसाठी संपादित झाल्या, आणि कित्येक सातबाऱ्यांवर "पुनर्वसनासाठी राखीव" असा शेरा दशकं राहिला. त्याखाली सोसायटीचा बोजा, बँकेचं गहाण, पाइपलाइनचं कर्ज. सोसायटीचं कर्ज फिटलेलं असतं पण बोजा उतरवलेला नसतो, हे तर घरोघरी.

मग वारस. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील दुरुस्तीच्या तारखेला हयात नसले तरी तो हक्क उरतो हे स्पष्ट केलं. गावात अजून "बहिणींनी सोडून दिलंय" असं सहज सांगतात. सोडून दिल्याचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र आहे का, हे विचारलं की बैठक थंड होते. ते विचारावंच. मी तर म्हणेन, त्या बहिणीला फोन करून विचारावं. तिच्या सहीशिवाय झालेला व्यवहार पुढे दिवाणी न्यायालयात वीस वर्षं फिरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्या तोंडचा घास आपण विकत घेतलेला असतो.

मोजणी हा तिसरा भाग. सातबाऱ्यावर दोन एकर आणि जागेवर सत्तर गुंठे, हे नेहमीचं. दोन पिढ्या बांध कोरला गेलेला असतो. तोंडी वाटपाने भाऊ कसतात, पण नकाशावर पोटहिस्सा नसतो. संमती असेल तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घेणं स्वस्तात होतं, तरी माणसं ते टाळतात, कारण त्यासाठी सगळ्या भावांनी एकाच दिवशी एका टेबलाशी बसावं लागतं. आणि वाट. पाणंदीपर्यंत जाणारी वाट नकाशावर नसेल, तर पहिल्या ट्रॅक्टरच्या दिवशी शेजारी आडवा उभा राहतो. मामलेदार न्यायालय कायदा १९०६ सालचा आहे आणि तहसीलदारापुढे आजही त्याच्या कलम ५ चे अर्ज साचतात, यावरून हा आजार किती जुना ते कळावं.

प्लॉटचा धंदा याच कागदी अंधारावर वाढला. एक एकर जिरायत घ्यायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, मुरूम टाकून रस्ता दाखवायचा आणि गुंठ्याने विकायचं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याने किमान क्षेत्र बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे केलं, तेव्हा दीड-दोन गुंठ्यांचा दस्त शेतजमीन म्हणून बसतच नाही. म्हणून वीस जणांच्या नावे एकच सामाईक खरेदीखत होतं. माझ्या नात्यातल्या एका निवृत्त शिक्षकाने असंच खरेदीखत घेतलं. सातबाऱ्यावर त्यांचं नाव आहे, हद्द कुठेच नाही. त्या खरेदीखतातला एकजण वारला आणि त्याच्या चार वारसांची नावं चढली. आता घर बांधायचं तर किती जणांची संमती लागेल ते मोजण्यात त्यांची दुपार जाते. २०२५ मध्ये शासनाने निवासी वापराच्या क्षेत्रांतले जुने तुकडे नियमित करण्याचा निर्णय घेतला. अनेकांना त्याने हायसं वाटलं, आणि ते योग्यच झालं. पण नियमित झालेल्या तुकड्यालाही रस्ता, गटार आणि नळ कुणीतरी द्यावा लागतो, आणि तो खर्च नगरपालिकेच्या म्हणजे सगळ्यांच्या खिशातून जातो. नव्याने घेणाऱ्याने एवढं पाहावं की ५०० चौरस मीटरवरचा प्लॉटिंग प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असलाच पाहिजे, आणि नोंद नसेल तर तिथून परत फिरावं.

कागद चोख निघाला, पाणी मिळालं, वाट मिळाली. तरी एक गोष्ट उरते आणि माझ्या मते तीच सर्वांत जड आहे: कसणार कोण? मोडनिंबाशेजारचं अरण हे संत सावता माळ्यांचं गाव. १२९५ मध्ये त्यांनी तिथे समाधी घेतली. पंढरपूर हाकेच्या अंतरावर असून ते मळा सोडून वारीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांचा देव होता, अशी श्रद्धा आहे. आजही पांडुरंगाची पालखी अरणला येते. सावतोबांचा मळा आज कुणी विकत घेऊ शकेल, पण मळ्यात रोज असणारं माणूस खरेदीखतात लिहून मिळत नाही. वाट्याने करणारे कमी होत चाललेत. जे करतात त्यांच्याशी लेखी करार करायला मालक घाबरतो, कूळ लागेल म्हणून. आणि करार नसल्यामुळे वाटेकऱ्याला पीककर्ज मिळत नाही, पीकविमा मिळत नाही, नुकसानभरपाई आली तर ती मालकाच्या खात्यात जाते. ज्याने रात्रीच्या लाइटीला उठून दारं धरली, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. कसणाऱ्याला संरक्षण द्यायला निघालेल्या कायद्याने कसणारा असा अदृश्य व्हावा, याचं मला खरंच दुःख वाटतं. मुदतीच्या, नोंदणीकृत भाडेपट्ट्याला सुरक्षित वाट करून देणं हे राज्याच्या हातात आहे आणि ते लवकर व्हावं.

जिथे पैसा आणि राबणारा एका ठिकाणी आले, तिथलं चित्र वेगळं आहे. टेंभुर्णी आणि शेजारच्या करमाळ्यातल्या कंदर पट्ट्यात केळी आली, पॅकहाउस आणि शीतगृहं उभी राहिली, तिथून माल आखातात जातो. शहरात कमावलेला पैसा काही घरांनी आणखी दोन एकर घेण्याऐवजी गावातल्या भावाच्या ठिबकात, शेततळ्यात, पिकअप गाडीत घातला. त्या पैशाचा सातबारा होत नाही, सोयऱ्याधायऱ्यांत सांगायला तो मोठाही दिसत नाही. पण मी पाहिलेल्या घरांत तोच आधी वसूल झाला, आणि भाऊ-भाऊ बोलत राहिले.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. दारफळ सीना आणि काठावरच्या इतर गावांत पाणी घरांवरून गेलं, जनावरं वाहून गेली, उभा ऊस आडवा झाला. पाणी उतरल्यावर दिसलं की काही रानांवर माती राहिलीच नव्हती. दोन-तीन फूट काळी खरडून गेली होती आणि खाली नुसता मुरूम-गोटा उरला होता. सातबाऱ्यावर क्षेत्र होतं तेवढंच आहे, एक आरही कमी झालेला नाही. खरडलेल्या जमिनीसाठी शासनाने हेक्टरी मदत जाहीर केली; पण माती आणायची कुठून, ती ब्रासने कितीला पडेल, ओढ्याचा गाळ चालेल का, पहिल्या वर्षी ताग करून गाडावा का, हे गावातली माणसं आपसांत ठरवत होती. पुण्यातले मालक मोटारीने येऊन बांधावर उभे राहून फोटो काढून गेले. काहीजण मात्र राहिले, रजा टाकून, भावाच्या वाटेकऱ्याबरोबर गोटे वेचत.